सहा मशीन, एकोणीस नावं: डायलिसिसची जागा आधी कुणाला द्यायची?

रामबाग इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण थोडक्यात सांगितला तर चुकीचा सांगितला जाईल.

मी बँकेतून निवृत्त होऊन 3 वर्षं झाली. आमच्या भागात एका धर्मादाय ट्रस्टचं छोटं डायलिसिस केंद्र आहे. हिशेब चोख ठेवते म्हणून मला त्याच्या समितीवर घेतलं. पहिले सहा महिने मी आरओ प्लांटची बिलं, डायलायझरचा (रक्त गाळणाऱ्या नळीचा) साठा आणि देणगीच्या पावत्या एवढंच बघत होते. आता समितीने रुग्णांची वेटिंग लिस्ट माझ्याकडे सोपवली आहे, आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

मशीन 6 आहेत. त्यातलं 1 हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णांसाठी वेगळं ठेवावं लागतं, म्हणजे बाकीच्यांना 5. एक डायलिसिस 4 तासांचं, दिवसाला 2 शिफ्ट, रविवारी सुट्टी. एका रुग्णाला आठवड्यात 3 वेळा द्यायचं तर निम्मे सोम-बुध-शुक्र आणि निम्मे मंगळ-गुरु-शनि, असे 20 जण बसतात. 20 जागा भरलेल्या आहेत आणि यादीत 19 नावं आहेत.

इथे जागा रिकामी कशी होते हे मला आधी कळलंच नव्हतं. दोन्ही किडन्या गेलेल्या माणसाचं डायलिसिस बरं होऊन थांबत नाही. एक तर किडनी मिळते, नाही तर माणूस जातो. मागची जागा पाडव्याच्या आदल्या दिवशी रिकामी झाली. त्या जागेवरच्या काकांच्या मुलाने सकाळी रडत फोन केला, आणि दिवेलागणीपर्यंत त्या जागेसाठी मला 3 जणांचे फोन येऊन गेले. त्यातला एक आमच्या देणगीदारांचा होता. त्यांनी 2 मशीन दिली आहेत. त्यांच्या दुकानातल्या मुनीमजींचं नाव यादीत आहे, आणि "ताई, एवढं बघा" इतकंच ते म्हणाले.

गेल्या गुरुवारच्या बैठकीत पाच जणांची पाच मतं झाली. एक म्हणाले, ज्याच्या घरी लहान मुलं आहेत आणि जो कमावता आहे, त्याला आधी द्या. दुसरे म्हणाले, साठीच्या आतल्यांना. तिसऱ्यांचं म्हणणं, ट्रस्टला पैसा मराठी समाजाने दिला, तर आधी समाजातली माणसं. चौथ्या बाईंना सरळ नोंदणीच्या तारखेने जायचं आहे. पाचवे म्हणाले, सगळ्यांचं 3 वरून 2 वेळा करा, म्हणजे त्याच मशीनवर 20 ऐवजी 30 जण बसतील. गणित बरोबर आहे. आठवड्याला 60 पाळ्या, भागिले 2.

मला प्रत्येकाचं थोडं पटतं आणि पूर्ण कुणाचंच पटत नाही. नोंदणीची तारीख सगळ्यांत सरळ वाटते, पण खरगोनहून येणाऱ्या माणसाला आमचं केंद्र आहे हे कळेपर्यंतच चार महिने जातात. रामबागेतला माणूस रोग कळला त्याच संध्याकाळी नाव लिहून जातो. एप्रिल 2021 मध्ये भावासाठी कोरोनावरचं रेमडेसिविर मिळावं म्हणून मी दवाबाजारात रांगेत उभी होते. तिथे हेच पाहिलं. ज्याच्याकडे रात्रभर उभं राहायला माणूस होता, तोच पुढे होता.

आणि एक गोष्ट लपवायची नाही. यादीत 11 व्या नंबरावर माझ्या सख्ख्या जाऊबाई आहेत.

नियम कसा करावा? दोनदा डायलिसिस केलं तर माणसाचं नेमकं काय होतं? आणि मी या निर्णयात असावं की नसावं?

लष्करवाले, ग्वाल्हेर

ताई, दोनदाचं काय होतं ते मी सांगतो. मी 52 वर्षांचा, जनकगंजला राहतो, डायलिसिसला सहावं वर्ष चालू आहे. आमच्या केंद्राने एका वर्षी सगळ्यांचं 3 वरून 2 वर आणलं. माझे वार सोमवार आणि गुरुवार झाले.

सोमवार ते गुरुवार जमून जायचं. गुरुवार ते सोमवार जमायचं नाही. शनिवारी पाय सुजायचे. रविवारी संध्याकाळी आडवा झालो की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून रात्र खुर्चीत काढायची. बायको पण जागी. पाणी दिवसाला अर्धा लिटर, त्यात चहा आणि आमटी आलीच. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात अर्धा लिटर म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. सोमवारी मशीनवर एकदम 4 किलो पाणी काढायचे, मग बीपी खाली जायचं आणि पोटऱ्यांत असे गोळे यायचे की मी ओरडायचो. दोन वेळा पोटॅशियम वाढून रात्री आपत्कालीन विभागात नेलं.

पण एक लक्षात घ्या. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या सरदारजींना दोनदामध्ये काहीच त्रास झाला नाही. त्यांना लघवी चांगली होत होती, म्हणजे किडन्या अजून थोडं काम करत होत्या. मला एक थेंब नाही. आम्हा दोघांना एकच नियम लावला, तिथे चुकलं. मी कुणाची जागा अडवून बसलोय हे मला रोज कळतं. बाहेर बाकावर बसलेली माणसं मला दिसतात. माझी एक पाळी काढून कुणाचा जीव वाचत असेल तर काढा, पण आधी मला विचारा, माझी लघवी मोजा, माझा रिपोर्ट बघा. नोटीस बोर्डावर कागद चिकटवून मोकळे होऊ नका.

दांडिया बाजार, बडोदे

बडोद्यात 14 वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. लष्करवाल्या काकांचं अक्षर अन् अक्षर खरं आहे. त्यांना जो मोठा खंड पडला, त्याचा अभ्यासही झालेला आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या 32 हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतानाही दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे त्रास जास्त निघाले. तीन दिवसांच्या खंडाचं काय, ते तुम्हीच ताडा.

पण ताई, नियमाच्या आधी मशीन बघा.

पहिलं म्हणजे यादीतल्या 19 जणांना आज फोन करा. आमच्याकडे 30 ची यादी होती. फोन केल्यावर कळलं की एकेक माणूस शहरातल्या चार-चार केंद्रांत नाव लिहून बसलाय, आणि काही जण तर हयात नाहीत. वेटिंग लिस्टला वही असते, पण ती वही कुणी परत उघडत नाही.

दुसरं, तुमचं ते हिपॅटायटिस बीचं मशीन. त्यावर किती रुग्ण आहेत? 4 बसू शकतात. दोनच असतील तर आठवड्याच्या 12 पाळ्यांतल्या 6 रिकाम्या जातात. म्हणून कुणी म्हणालं की रिकामं आहे तर साध्या रुग्णाला लावा, तर अजिबात ऐकू नका. ते मशीन वेगळं ठेवायला कारण आहे, ही लागण रक्तातून पसरते. त्या शिफ्टला हिपॅटायटिस बीचे रुग्ण बघणारी सिस्टर लस न घेतलेल्या दुसऱ्या रुग्णाला हात लावत नाही. पण इंदुरात अशी अर्धवट भरलेली मशीन दुसऱ्या केंद्रांकडेही असणारच. बोलून बघा. तुमचे दोघे तिकडे जाऊन त्यांचं मशीन पूर्ण भरलं, तर तुमचं मशीन आतून-बाहेरून निर्जंतुक करून, नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीच्या डॉक्टरांची) लेखी परवानगी घेऊन साध्या रुग्णांसाठी उघडता येईल. एक रुपया खर्च न करता 4 जणांची सोय होते. आणि सगळ्यांना बीची लस टोचा. डायलिसिसवाल्यांना दुप्पट डोस लागतो, विसरू नका.

तिसरी शिफ्ट का नाही, हेही समितीला विचारा. संध्याकाळी 5 ते 9. 20 चे सरळ 30 होतील.

देवासकर

मला तरी साठीच्या आतल्यांना आधी हेच पटतं. जून 2021 मध्ये काळ्या बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिन औषधाचा तुटवडा होता, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानेही तरुणांना प्राधान्य द्यावं असंच म्हटलं होतं. 70 वर्षांच्या माणसाने आयुष्य बघितलंय. 30 वर्षांच्या पोराच्या मागे बायको आणि दोन लेकरं असतात. कटू आहे, पण कुणीतरी बोलायला हवं.

महूचे डॉक्टर

देवासकरांनी मोकळेपणाने मांडलं ते बरं झालं, कारण बैठकीत सगळ्यांच्या मनात हेच असतं. मी 36 वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, त्यातली बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात. तुमचं मत खोडून काढण्याआधी ते पुढे कुठे जातं, ते सांगतो.

अमेरिकेत सिएटलला 1960 मध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल असा शंट, म्हणजे मशीनला रक्तवाहिन्या जोडायची नळी, तयार केला. तोवर डायलिसिस चार-आठ दिवसांच्या संकटापुरतं होतं. आता माणूस वर्षानुवर्षं जगू शकणार होता, पण मशीन मोजकीच. मग तिथे 7 जणांची समिती नेमली. त्यात एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाले, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. नावं गुप्त. कोण वैद्यकीयदृष्ट्या योग्य ते डॉक्टरांनी आधी ठरवायचं, आणि उरलेल्यांतून कोण जगेल ते या सातांनी. 1962 मध्ये एका मासिकातून हे बाहेर आलं. ते लोक वय बघत, लग्न झालंय का, मुलं किती, शिक्षण, पगार, नोकरी, मिळकत, स्वभाव, पुढे समाजाला उपयोग किती, हेही बघत. माणसं दुष्ट नव्हती. तुमच्या-आमच्यासारखीच रात्र रात्र विचार करणारी होती. पण निवड त्यांच्याचसारख्या दिसणाऱ्या, त्यांच्याचसारखा संसार असणाऱ्या लोकांकडे झुकत गेली. लग्न न केलेली, नोकरी सुटलेली, समाजात न मिसळणारी माणसं मागे पडली. 1972 मध्ये तिथल्या सरकारने बहुतेक सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च उचलला, तेव्हा ते ओझं उतरलं.

"कमावता" हा शब्द घेऊन आमच्या ओपीडीत बसून बघा. घर चालवणारी बाई कमावती का? चार घरची धुणीभांडी करणारी बाई हो, आणि तिची सासू, जी तिची लेकरं सांभाळते म्हणून ती कामाला जाऊ शकते, ती नाही? मला ही रेघ कधीच ओढता आली नाही.

वय मात्र पूर्ण बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही. 85 वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या माणसाला डायलिसिसचा उपयोग होतो की नुसताच त्रास, हा खरा वैद्यकीय प्रश्न आहे आणि तो घरच्यांशी बसून बोलायला हवा. पण तो त्या एका माणसाच्या भल्याचा प्रश्न असतो. "याला वगळलं तर जागा होईल" हा विचार त्यात शिरला की डॉक्टरचा हात बिघडतो.

नोंदणीच्या तारखेबद्दल ताईंची शंका बरोबर आहे. अमेरिकेत किडनीच्या प्रतीक्षा यादीत हीच अडचण होती. ज्याला लवकर पत्ता लागला, त्याचं नाव आधी. डिसेंबर 2014 पासून त्यांनी डायलिसिस सुरू झाल्याची तारीख धरायला सुरुवात केली. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर असते. खरगोनच्या माणसाची आणि रामबागेतल्या माणसाची एकाच मापाने मोजता येते.

वकील, राजेंद्रनगर

डॉक्टरसाहेबांनंतर दोन खटले सांगतो, दोन्ही तुमच्या कामाचे.

8 जुलै 1992 ला बंगालमध्ये हाकीम शेख नावाचे शेतमजूर रेल्वेतून पडले, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेलं. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात भरती करावं लागलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेळेवर उपचार न मिळणं हा अनुच्छेद 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग आहे, आणि पैसा नाही हे कारण सरकारला चालणार नाही. त्यांना 25,000 रुपये भरपाई मिळाली. पण मला त्या निकालातलं दुसरंच एक कलम महत्त्वाचं वाटतं. कोणत्या रुग्णालयात खाट आहे हे एका जागी कळावं, म्हणजे माणसाला थेट तिथेच पाठवता येईल, अशी व्यवस्था करायला कोर्टाने सांगितलं. बडोद्याच्या भाऊंनी यादीचं जे सांगितलं ते हेच. इंदूरच्या केंद्रांची यादी एकत्र झाली तर निम्मं दुःख नुसत्या टेलिफोनने कमी होईल.

दुसरा खटला दक्षिण आफ्रिकेतला, 1997 चा. डरबनचे सुब्रमनी, वय 41, मधुमेह आणि हृदयविकार, किडन्या निकामी. सरकारी रुग्णालयाचा नियम असा की मशीन कमी असल्याने, ज्यांच्या किडन्या बऱ्या होऊ शकतात किंवा ज्यांच्यावर प्रत्यारोपण होऊ शकतं, त्यांनाच डायलिसिस. ते कोर्टात गेले आणि हरले. नियम आधी लिहिलेला होता, सगळ्यांना सारखा लावला होता आणि त्यामागे कारण होतं, म्हणून कोर्टाने हात घातला नाही. थोड्याच दिवसांत ते वारले. मी हा निकाल कितीदा वाचला तरी जड जातं. तरी तुमच्या समितीने त्यातून एवढं घ्यावं: लेखी, आधी ठरलेलं, सगळ्यांना एकच, आणि नाकारलेल्या माणसाला दाद मागायला एक दार.

तुमच्या प्रकरणात: जाऊबाईंचं नातं आजच बैठकीच्या वहीत लिहा. नियम बनवताना बसा, नावं लावताना उठा. देणगीदारांचा फोनही वहीत लिहा. आणि ट्रस्टच्या नोंदणीचे कागद काढून उद्देशाचं कलम वाचा. समाजातल्यांना आधी द्यायचं की नाही याचं उत्तर बहुतेक तिथेच निघेल.

रामबाग इंदूर (9 दिवसांनी)

मंडळी, तुमच्यातल्या प्रत्येकाचं मी छापून समितीपुढे ठेवलं. काय झालं ते सांगते.

19 फोन केले. 4 जणांना दुसरीकडे जागा मिळाली होती. एकाला आईने किडनी दिली होती, तो फोनवर इतका आनंदात होता की मला दोन मिनिटं काही बोलताच आलं नाही. आणि दोन घरी माणूस गेलं होतं. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "आता नंबर लागला का?" ते मी कुणाला अजून नीट सांगू शकले नाही. यादी 12 ची झाली.

उद्देशाचं कलम पहिल्या पानावरच आहे. "जात, धर्म, भाषा न पाहता." ज्यांनी समाजाचा मुद्दा काढला होता, त्यांनी स्वतः ते वाचलं आणि मागे घेतला. त्यांचे वडील संस्थापकांपैकी होते.

सरसकट दोनदा करायचं नाही असं ठरलं. आमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी 20 जणांची 24 तासांची लघवी आणि रक्त तपासून 4 जणांना विचारलं. चौघांनाही लघवी चांगली होते. ते दोनदाला तयार झाले, पण दर महिन्याला पुन्हा तपासायचं आणि घटली की तिसरी पाळी लगेच परत, या अटीवर. हे मी वहीत लिहून त्यांची सही घेतली आहे आणि समितीचीही. लष्करवाले काका, हे तुमच्यामुळे झालं.

यादीचा क्रम असा ठरला. ज्याला शहरात कुठेच एकही पाळी नाही आणि जो फक्त दम लागला की आपत्कालीन विभागात जाऊन जगतोय, तो आधी. त्यांच्यात डायलिसिस सुरू झाल्याची तारीख. तारीखही एक आली तर चिठ्ठी, दोन्ही घरच्यांसमोर. वय, मिळकत, ओळख यांचा रकानाच ठेवलेला नाही. देवासकर, तुमच्या मताचे दोघं समितीत होते. त्यांनी विरोध लिहून दिला आणि मग सही केली. यादी नावांऐवजी नोंदणी क्रमांकाने बाहेर लावली आहे, आणि ज्याला तक्रार आहे त्याच्यासाठी दर शनिवारी डॉक्टरांसह एक तास ठेवला आहे.

चौघांच्या सुटलेल्या 4 पाळ्यांतून पहिली जागा सांवेरच्या 66 वर्षांच्या आजींना मिळाली. दर आठ दिवसांनी त्यांना मध्यरात्री गाडी करून आणत होते. मुनीमजी तिसरे आहेत. देणगीदारांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तिसरे म्हणजे किती दिवस? मी म्हटलं, माहीत नाही.

बी मशीनसाठी दुसऱ्या एका केंद्राने तयारी दाखवली आहे. त्यांच्याकडेही दोनच रुग्ण आहेत. आमच्या बीच्या दोन रुग्णांपैकी एकजण म्हणतो, तिथे जायला 9 किलोमीटर जास्त पडतील. त्याच्या रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं यावर कागद अडला आहे. ते भाडं ट्रस्टने द्यावं असं माझं ठाम मत आहे. बाकीच्यांची सोय व्हावी म्हणून तो हलतोय. तिसऱ्या शिफ्टला टेक्निशियन मिळेना. जाहिरात दिली आहे.

नावं लावताना मी उठून बाहेर बसले. जाऊबाईंना एका खाजगी ठिकाणी आठवड्यातून एकदा पाळी मिळते, पैसे भरून. नव्या क्रमात त्या 9 व्या आल्या. मी परवा त्यांच्याकडे गेले आणि तोंडाने सांगितलं, फोनवर नाही. भावजी आत निघून गेले. जाऊबाईंनी माझ्यासाठी चहा टाकला, स्वतः अर्धा कप घेतला, मोजून. मग विचारलं, "तो शनिवारचा एक तास आहे ना, त्याला मी येऊ शकते?"

या, म्हटलं.

दांडिया बाजार, बडोदे

ताई, 4 पाळ्यांतून आजींना 3 गेल्या. एक उरते. ती कुणाच्या नावावर लावू नका, आपत्कालीनसाठी मोकळी ठेवा. ती कोणत्या वारी आहे?

रामबाग इंदूर

गुरुवार, दुपारची. मोकळीच ठेवली आहे. टेक्निशियनच्या जाहिरातीसाठी तुमच्या ओळखीचं कुणी इंदूरला यायला तयार असेल तर जरूर कळवा. राहायची सोय मी बघते.